एक राब पलीकडे

लोकांच्या चुका शोधून काढणं हे माझं काम आहे, आणि ते मला मनापासून आवडतं. नकाशांचं एक सॉफ्टवेअर आहे, फुकट मिळणारं, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलेलं. ते वापरणाऱ्यांचा इंटरनेटवर एक चर्चेचा कट्टा आहे. कुणाचा उपग्रहाचा फोटो उघडतच नाही, कुणाच्या डोंगराच्या जागी खड्डा दिसतो, कुणाची नदी चढावर वाहायला लागते. अशी माणसं तिथे काकुळतीला येऊन प्रश्न टाकतात आणि मी उत्तर देतो. उत्तर बरोबर असतं. फक्त ते देण्याआधी मी समोरच्याची थोडी सालटी काढतो. आलेली सूचना वाचायची असते हे तुम्हाला शाळेत शिकवलं नव्हतं का, असं विचारतो. हे मला घरबसल्या मिळणारं सुख होतं.

एकदा एका विद्यार्थिनीने लिहिलं होतं, माझा फोटो तीस मीटर बाजूला सरकतोय, काय चुकतंय कळत नाही. तिला मी म्हटलं होतं की उंची कशापासून मोजली आहे हे न बघता डोंगरात काम करणाऱ्याने सरळ किराणा दुकान टाकावं. खाली चाळीस जणांनी हसल्याच्या खुणा केल्या. तिने आभार मानले आणि पुन्हा कधी काही विचारलं नाही. मला वाटलं, शिकली.

आमचं ऑफिस लोणावळ्यात, एका चिक्कीच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. खाली गूळ उकळत असतो आणि वर आम्ही दोघं, साहेब आणि मी. साहेब कामं आणतात आणि मी ती करतो. दरडी कुठे कोसळतील, पाणी कुठून वाहील, बंगल्याचा उतार किती, असली कामं. राहायलाही मी लोणावळ्यातच आहे. गाव म्हणजे तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याची एक वाडी. तिकडे महिन्यातून एखाद्या रविवारी जातो, आई-वडिलांना भेटतो, जेवतो आणि परत येतो. शेतात पाय ठेवून वर्षं झाली होती. विचारलं असतं तर मी म्हटलं असतं की मला आमचं शिवार तोंडपाठ आहे.

त्या वाडीवर एका संस्थेने चार वर्षांपूर्वी झाडं लावली. किल्ल्याकडे चढणाऱ्या उतारावर, वाडीच्या सामायिक जागेत. झाडं राखायला, उन्हाळ्यात पाणी घालायला त्यांनी एक बाई ठेवली. आमच्या खालच्या अंगाला बौद्धवस्ती आहे, तिथली. वय साठीच्या आसपास, नवरा कधीच गेलेला, लेक नवलाख उंबरे गावाच्या बाजूला एका कंपनीत कामाला. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. माझ्या लहानपणी ती आमच्या भाताच्या लावणीला यायची. संस्थेने तिला हिरवी टोपी दिली होती. पदराच्या वरून ती टोपी घालून मावशी चार उन्हाळे उतारावर हंडे वाहत होती. झाडांना ती नावानं हाक मारायची म्हणे. मला हे ऐकून हसू आलं होतं.

उताराच्या पायथ्याला भाताची खाचरं आहेत आणि खाचरांच्या वरच्या कडेला राब. मावळाबाहेरच्या माणसाला राब सांगावा लागतो. भाताची रोपं ज्या तुकड्यात वाढवायची तो तुकडा उन्हाळ्यात भाजून घेतात. शेण, तोडलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत असे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने आग लावायची, म्हणजे ती सावकाश, दबून जळते. जळून होईपर्यंत माणसाने तिथून हलायचं नाही. एका ओळीत तीन राब होते. पहिला आमचा, मधला मावशीचा, तिसरा मावशीच्या पुतण्याचा, आणि त्याच्या पलीकडे किल्ल्याकडे जाणारी पाऊलवाट.

यंदा एप्रिलमध्ये उतारावर वणवा गेला. दुपारी लागला आणि तासाभरात चार वर्षांची झाडं संपली. वाडीतले बहुतेक लोक त्या दिवशी एका लग्नाला गेले होते. आग कुठून आली हे कुणी पाहिलं नाही, किंवा तसं सगळ्यांनी सांगितलं. राबातून आली हे उघड होतं. कुणाच्या, एवढाच प्रश्न होता. संस्थेच्या बाई पुण्याहून आल्या, काळा उतार बघून रडल्या, आणि मग डोळे पुसून म्हणाल्या की आपण डेटा बघू. माझे वडील वाडीच्या झाडं राखायच्या समितीचे अध्यक्ष. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही. आबांनी बाईंना सांगितलं, आमचा पोरगा हेच काम करतो. असं ते काम माझ्याकडे आलं.

संस्थेने वणव्यानंतरचा एक उपग्रहाचा फोटो मिळवला. चांगला, अर्ध्या मीटरची वस्तू दिसेल असा. असा फोटो सरळ डोक्यावरून काढलेला नसतो, तिरका असतो. तिरक्या फोटोत उंच जागा एका बाजूला झुकतात. तो सरळ करायचा तर सॉफ्टवेअरला जमिनीची उंची ठिपक्या-ठिपक्याने सांगावी लागते. त्यासाठी उंचीची वेगळी फाइल असते. माझ्याकडे होती, पण तिच्यात तिकोण्याच्या कड्यापाशी भोकं होती. कडा इतका सरळसोट की मोजणाऱ्या यंत्राला तिथे काही सापडलंच नव्हतं. त्या भोकांपाशी फोटो असा काही ताणला जायचा की किल्ल्याचा बुरूज वितळून खाली ओघळल्यासारखा दिसायचा. मी दोन दिवस त्यावर घातले. भोकं आजूबाजूच्या उंचीने बुजवून पाहिली, कडा उशीसारखा गुबगुबीत झाला. ठिपके लहान केले, मोठे केले. शेवटी दुसरीकडून उंचीची दुसरी फाइल आणली. तिच्यात भोकं नव्हती. कडा सरळ उभा राहिला. मी साहेबांना बोलावून दाखवला, इतका खूश झालो होतो.

आता इथे मी काय केलं ते सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. उंची दोन तऱ्हांनी मोजतात. एक समुद्रसपाटीपासून, जी आपण शाळेत शिकतो. दुसरी, गणिताच्या सोयीसाठी मानलेल्या एका गुळगुळीत पृथ्वीपासून. आपल्या भागात या दोन्हींत साठेक मीटरचं अंतर पडतं. माझी पहिली फाइल एका तऱ्हेची होती आणि नवी दुसऱ्या तऱ्हेची. सॉफ्टवेअरला तसं सांगायला एक चौकोन आहे, त्यावर टिचकी मारायची. मी मारली नाही. उंचीत साठ मीटरची चूक, फोटो तिरका, म्हणजे सगळं चित्र तीसेक मीटर बाजूला. तीस मीटर म्हणजे बरोबर एक राब.

फोटो सरळ झाल्यावर मी त्यावर गावनकाशा ठेवला, कुठला तुकडा कुणाचा हे कळायला. फोटोत तीन काळे राब स्वच्छ दिसत होते आणि त्यांतल्या एकाच्या वरच्या कोपऱ्यातून काळी जीभ निघून उतारावर पसरली होती. तो राब मावशीच्या तुकड्यावर बसला. तिसरा काळा राब पाऊलवाटेवर आला. हे मी पाहिलं. पाऊलवाटेवर कुणी राब भाजत नाही हे मावळातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण गावनकाशे जुने, कापडावरचे, कुणी कधी काढलेले, ते फोटोवर नीट बसत नाहीतच. आमच्या धंद्यातला प्रत्येक जण हे गृहीत धरूनच काम करतो. बांध जुळला नाही की दोष नकाशाला द्यायचा आणि पुढे जायचं. मीही दिला आणि पुढे गेलो.

जूनमध्ये वाडीच्या शाळेत सभा झाली. पेरण्या होऊन गेल्या होत्या, राबांवर रोपं उगवलेली, त्यामुळे जागेवर जाऊन बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी भिंतीवर नकाशा दाखवला. आधी किल्ला दाखवला, लोक खूश झाले. मग राब दाखवले, मग ती काळी जीभ. मग तुकड्याचा नंबर वाचला.

मावशी मागे, दाराशी बसली होती. ती उठली आणि म्हणाली, "दादा, म्या इजवून गेलते. चार हंडं पानी मारलंतं. राख हातात घिऊन बगितली, गार हुती."

मला तेव्हा दया यायला हवी होती. मला राग आला. माझा नकाशा इतका सुरेख झाला होता आणि ही बाई हंड्यांचं सांगत होती. मी म्हटलं, "मावशी, उपग्रह वरून बघतो. त्याला तुमचं ना माझं, कुणाचंच पडलेलं नाही. तुमचं वय झालंय, विसरायला होतं. मागच्या वर्षीचे हंडे असतील."

लोक हसले. मोठ्याने हसले. मला बरं वाटलं. त्या हसण्यात माझ्यासाठी काय होतं ते मी आज सांगू शकतो. दहावीनंतर मला शेत सोडून पळणारा म्हणणारे हेच लोक होते, आणि ते आज माझ्या एका वाक्यावर हसत होते. मावशी उभी होती ती खाली बसली. आबा पुढच्या खुर्चीवर बसले होते. ते हसले नाहीत, पण काही बोललेही नाहीत. संस्थेच्या बाई म्हणाल्या की त्यांना कुणालाही शिक्षा करायची नाही, पण जिच्या निष्काळजीपणाने झाडं गेली तिच्याकडेच नवी झाडं कशी द्यायची. हे बोलताना त्या इतक्या हळुवार बोलल्या की कुणाला विरोध करायला जागाच राहिली नाही. मावशीचं काम त्याच दिवशी गेलं. दोन दिवसांनी तिने टोपी परत केली. धुऊन, वाळवून, घडी घालून. ही गोष्ट मला आईने फोनवर सांगितली. टोपीवर डागसुद्धा ठेवला नव्हता म्हणाली.

काम गेल्यापेक्षा दुसरी गोष्ट वाईट झाली. वाडीत तिला "झाडं जाळणारी" म्हणायला लागले. चार वर्षं हंडे वाहिलेल्या बाईला. तिची लेक एकटी भांडत होती. कंपनीतून सुट्टी काढून संस्थेच्या ऑफिसात गेली, सरपंचाकडे गेली, माझ्या आईशीही भांडून गेली. ‘माझी आई खोटं बोलत नाही, ती म्हणाली म्हणजे म्हणाली,’ एवढंच त्या लेकीचं म्हणणं. तिच्याकडे नकाशा नव्हता. मला तिचा राग यायचा.

जुलैमध्ये लोणावळ्यातल्या एका उतारावरच्या बंगल्यांचं काम आलं. तोच फोटो पुरवणारा, तीच उंचीची फाइल, माझं तेच ठरलेलं गणित. फोटो सरळ केला आणि वर रस्त्यांचा नकाशा ठेवला. बंगल्यांचे पोहण्याचे निळे तलाव सगळे रस्त्यावर आले होते. एकामागे एक, ओळीने, रस्त्याच्या मधोमध. मी हसलो. मग एका मिनिटात, खरंच एका मिनिटात, मला कळलं की काय चुकलंय. तो टिचकीचा चौकोन बघितला. रिकामा होता.

श्रीमंतांचे तलाव रस्त्यावर आले तर मी एका मिनिटात चूक शोधली. मावशीच्या पुतण्याचा राब पाऊलवाटेवर आला तेव्हा मी म्हटलं होतं, जुने नकाशे. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत मी कोण आहे ते सगळं बसतं, आणि हे मला तेव्हाच, खुर्चीत बसल्या-बसल्या समजलं.

मी वाडीचा फोटो पुन्हा काढला. चौकोनावर टिचकी मारली. सगळं चित्र तीस मीटर मागे सरकलं. बांधावर बांध बसले, पाऊलवाट पाऊलवाटेवर आली, पुतण्याचा राब पुतण्याकडे गेला, मावशीचा मावशीकडे. कापडावरचा जुना गावनकाशा फोटोवर असा बसला की मधे सुई जाऊ नये. माझ्या कामात मी कधी असा सुंदर जोड पाहिला नव्हता. आणि ती काळी जीभ आमच्या राबातून निघत होती.

त्या रविवारी मी वाडीला गेलो. आबा ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. आई पाण्याला गेली होती. मी विचारलं, "आबा, आपला राब यंदा कुणी भाजला?"

"कुनी म्हंजी? मीच की."

"लग्नाच्या दिवशी?"

ते कातरायचे थांबले. "व्हय. सकाळी लावला. लग्नाला जायचं हुतं, म्हनलं आवरून जावं. दबून जळत हुता. तुजी आय हाका मारत हुती, मी गेलो. दुपारी वारं फिरलं आसंल."

"तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं?"

"परत आलो तवा कळलं. वरचा कोपरा पार फुटला हुता."

"मग सभेत का नाही बोललात?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, पण नजर अजून खणखणीत. म्हणाले, "तू बोलत हुतास की. पुन्याच्या बाई बसल्याल्या, समदी वाडी बसल्याली. तू म्हनलास उपग्रह बगतो. एवढ्या लोकांत मी उठून पोराला खोटं पाडू?"

इतकी वर्षं मला वाटायचं, या माणसाला माझ्या कामाचं काही नाही. त्याने माझ्या नकाशाची अब्रू राखली होती आणि ती राखायला एक बाई खर्ची घातली होती. मला त्या क्षणी आबांबद्दल माया वाटली. हे लिहायला लाज वाटते, पण वाटली ती मायाच होती.

"आता कळलंय तर सांग समद्यांना," ते म्हणाले. "माजं काय, माजं वय झालंय. मी मान खाली घालीन. पन तुजं चुकलं हेबी सांगावं लागंल. तुजं तू बग."

मी म्हटलं, बघतो.

ते बघणं मी महिनाभर केलं. कारणं पुष्कळ होती आणि सगळी मी स्वतःला नीट समजावून सांगितली. आबांची वाडीत मान जाईल. संस्था वाडीतून निघून जाईल आणि नवी झाडंच येणार नाहीत. राब मुद्दाम कुणी पेटवला नव्हता, झाली ती चूक, मग ती याची की तिची याने काय फरक पडतो. यातलं एकही खरं कारण नव्हतं. खरं कारण असं की मला चुकलो म्हणता येत नाही. कट्ट्यावर त्या आठवड्यातही मी एका माणसाची सालटी काढली, दोन उंचींतला फरक न समजल्याबद्दल. नेहमीपेक्षा जास्त काढली.

ऑगस्टमध्ये मी घरी असताना मावशी आली. भाताच्या लावण्या उरकल्या होत्या. ती ओट्याच्या खालच्या पायरीवर बसली, नेहमी बसायची तिथेच. वर बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही. आईने चहा दिला. मावशीने तो पिऊन पेला स्वतः विसळला आणि मग आबांना म्हणाली, "आबा, माफी मागाया आले."

आबांनी विचारलं, "कशाची गं?"

"झाडांची. दोन म्हैनं झालं, इचार करतेय. मला वाटायचं, म्या पानी मारलंतं. चार हंडं. अजूनबी डोळ्यांम्होरं दिसतंय. पन दादानं वरनं बगितलंय. त्यो काय माज्यावर कशाला खोटं घालंल, त्याला म्या कडंवर खेळवलाय. मंग माजंच ध्यान न्हवतं म्हनायचं. म्हातारपन आलं. तुमच्या समितीला खाली बगाया लावलं म्या."

आबा माझ्याकडे बघत राहिले. आईला काही ठाऊक नव्हतं, ती पदराने डोळे टिपत होती. ओट्यावर आम्ही दोघं बाप-लेक बसलो होतो, आणि आबा थांबले होते. त्यांनी मला पुरेसा वेळ दिला. मी पेल्यातला तळाचा चहा हलवत राहिलो.

"आसूं दे," शेवटी आबा म्हणाले. "मानूस चुकतंच." ते उठून गोठ्याकडे गेले आणि मावशी जाईपर्यंत परत आले नाहीत.

मावशीचं दुसरंही काम होतं. ती माझ्याकडे वळली. "दादा, त्यो नकाशा मला कागदावर काडून देशील का? लेक आयकंना. कंपनीतनं रजा काडून भांडत बसती समद्यांशी, म्हनती माजी आय आसं करायची न्हाई. नोकरी जाईल तिची. तिला दाविते म्हंजी गप बसंल."

मी म्हटलं, लोणावळ्याला या सोमवारी, ऑफिसात.

त्या दोन दिवसांत मी स्वतःला सांगितलं की सोमवारी सगळं बोलायचं. एकटी असेल, ऑफिसात कुणी नसेल, साहेब मुंबईला जाणार होते. तिला खुर्ची द्यायची, दोन्ही नकाशे समोर ठेवायचे, सांगायचं. मी वाक्यंही जुळवली होती. सोमवारी सकाळी मी दोन्ही नकाशे छापले. चुकलेला उजवीकडे ठेवला, खरा डावीकडे, टेबलावर पालथा.

मावशी अकराच्या सुमाराला आली. एसटीने कामशेतला आणि तिथून लोणावळ्याला. जिन्यात थांबून दम घेतला, चपला बाहेर काढल्या. खुर्चीवर बसायला मी दोनदा सांगितलं तेव्हा कडेला टेकली. ऑफिस बघितलं, कॉम्प्युटरचे पडदे बघितले, चिक्कीचा वास चांगला येतो म्हणाली. मग मी तिच्या हातात कागद दिला. कुठला द्यायचा हे मी तोपर्यंत ठरवलेलं नव्हतं असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. पण हात उजवीकडे गेला.

"ह्यात माजा राब कंचा?"

मी लाल पेनने गोल केला.

तिने कागद खिडकीकडे धरला. वाचता येत नाही तिला, पण ती बराच वेळ बघत होती. तिचं बोट गोलावर गेलं, काळ्या जिभेवरून वर गेलं, परत खाली आलं आणि गोलाच्या कडेला असलेल्या एका गडद, वाटोळ्या ठिपक्यावर थांबलं.

"हे झाड हाय व्हय दादा?"

मी बघितलं. झाडच होतं. फांद्यांचा घेर दिसत होता.

"माज्या राबापाशी झाड न्हाई," ती म्हणाली. "कवाच न्हवतं. झाड तुमच्या बांधावं हाय. जांभूळ. तुज्या आज्ज्यानं लावल्यालं."

आमच्या बांधावरचं जांभूळ. त्याखाली मी लहानपणी दुपारच्या दुपार काढल्या होत्या, जिभा जांभळ्या करून घरी यायचो म्हणून मार खाल्ला होता. महिनाभर मी तो फोटो शंभर वेळा पाहिला होता आणि मला ते ओळखू आलं नव्हतं. मावशीला एका नजरेत आलं. ती माझ्याकडे बघत होती. संशयाने नाही. मी सांगेन ते ऐकायला.

पालथा कागद माझ्या कोपराखाली होता.

"झाड नाही ते मावशी," मी म्हटलं. "सावली आहे. वरून तसं दिसतं."

"व्हय का," ती म्हणाली. तिने आणखी एकदा त्या ठिपक्यावरून बोट फिरवलं. "तुमाला म्हाईत. आमाला काय कळतंय." मग चुरगळू नये म्हणून कागदाची सैल गुंडाळी केली, पिशवीत उभी ठेवली, मला दोनदा आशीर्वाद दिला आणि लेकीची कंपनीतली पाळी सुटायच्या आत तिच्या घरी पोचायचं म्हणून जिना उतरून गेली.